गुलाबी होईपर्यंत

मी बी.कॉम. झालेला माणूस. दूध डेअरीत हिशेब लिहितो. फॅट, एसएनएफ, दर, कपात, दहा दिवसांचं बिल, इथपर्यंत माझी गाडी बिनबोभाट चालते. लॅबच्या रजिस्टरात ‘ॲसिडिटी’ नावाचा एक रकाना असतो, त्यातले ०.१३, ०.१४, ०.१५ हे आकडे मी वर्षानुवर्षं मुकाट उतरवून घेत आलो. मग लॅबमधला मुलगा नोकरी सोडून गेला आणि सकाळच्या पाळीला हाताशी माणूस हवा म्हणून मला ब्युरेटसमोर उभं केलं गेलं.

पहिल्याच सकाळी डोकं गरगरलं. नुकतंच काढलेलं, कॅनमध्ये अजून कोमट असलेलं दूध, आणि त्यात म्हणे ०.१४ टक्के लॅक्टिक आम्ल! मग ते गोड कसं लागतं? आमच्या केमिस्ट मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्या म्हणाल्या, “काका, ताज्या दुधात लॅक्टिक आम्ल जवळजवळ नसतंच.”

“मग या रकान्यात आपण काय लिहितो?”

“लॅक्टिक आम्ल.”

असा हिशेब माझ्या खात्यात कुणी लिहिला असता, तर ऑडिटरनं त्याला उभं केलं असतं.

कृती तशी सोपी. दहा मिलिलिटर दूध पिपेटनं घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलिन घालायचं आणि वरून सोडियम हायड्रॉक्साइडचं पातळ द्रावण थेंबाथेंबानं सोडत चंबू हलवत राहायचा. फिकट गुलाबी छटा आली आणि टिकली की थांबायचं. पांढऱ्या दुधात ती छटा दिसणं हे मात्र डोळ्यांचं काम. म्हणून शेजारी त्याच दुधाचा दुसरा चंबू नुसताच ठेवायचा आणि रंग ताडून बघायचा. तसाच ठेवून दिला तर गुलाबी रंग हळूहळू उडतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल होतो. त्याच कारणानं सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली घट्ट बंद ठेवायची, नाहीतर द्रावणाचा जोर उतरतो आणि सगळ्यांचं दूध आहे त्याहून आंबट ठरतं. आमच्याकडे एखाद्याचं दूध परत जाणं म्हणजे काय, हे ठाऊक असल्यानं या बुचाचं महत्त्व मला लगेच पटलं.

द्रावणाच्या बाटलीवर ‘एन बाय नाइन’ लिहिलेलं होतं. नऊच का, दहा का नाही? उत्तर ऐकून मात्र मी खूश झालो. लॅक्टिक आम्लाचा तुल्यभार ९०. एक नवमांश नॉर्मल द्रावणाचा एक मिलिलिटर बरोबर ०.०१ ग्रॅम लॅक्टिक आम्ल मारतो. दहा मिलिलिटर दुधाला १.४ मिलिलिटर द्रावण लागलं की आम्लता ०.१४ टक्के. गुणाकार नाही, भागाकार नाही, नुसतं दशांश चिन्ह सरकवायचं. ज्यानं कुणी हे बसवलं, त्याला कारकुनांची कदर होती.

पण मूळ कोडं तसंच होतं. लॅक्टिक आम्ल नाही, तर हे १.४ मिलिलिटर खातं कोण? तर दुधातलं कॅसिन हे प्रथिन, फॉस्फेटं, सायट्रेटं आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. ही सगळी मंडळी अल्कली, म्हणजे आपलं सोडियम हायड्रॉक्साइड, शोषून घेतात. आपण त्यांची बेरीज करतो आणि ती लॅक्टिक आम्लाच्या भाषेत लिहितो. शेल या स्वीडिश औषधविक्रेत्यानं १७८० साली आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळं काढलं. दूध आंबतं तेव्हा जिवाणू साखरेपासून तेच तयार करतात आणि त्याची भर या बेरजेवर पडते. आपल्याला हवी असते ती ही भर.

मग मॅडमनी पीएच मीटर पुढे केला आणि मी पुन्हा पाण्यात. त्याच दुधाचा पीएच ६.७. सात म्हणजे उदासीन, म्हणजे हे आम्ल नावापुरतंच. त्यातून फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी होतं ८.३ च्या आसपास, म्हणजे सात ओलांडून आपण पलीकडे गेलेलो असतो, आणि तरी त्याला आम्लता मोजणं म्हणायचं! शेवटी मी ते माझ्या भाषेत मांडून पाहिलं. पीएच म्हणजे गल्ल्यातली रोकड. रजिस्टरातली आम्लता म्हणजे रोकड अधिक मोडता येतील त्या ठेवी. अल्कली वसुलीला येते, रोकड नेते, की कॅसिन आणि फॉस्फेट आपल्या ठेवी मोडून गल्ला पुन्हा भरतात. म्हणून दूध आंबू लागतं तेव्हा आम्लता ०.१४ वरून ०.१७ वर गेली, तरी पीएचचा आकडा जेमतेम हलतो. मी कॅल्क्युलेटर घेऊन हिशेब केला. ६.७ पीएचला मोकळे असलेले हायड्रोजन आयन आणि रजिस्टरातली ०.१४ ची आम्लता यांचं प्रमाण निघालं साधारण पाऊण लाखाला एक. एवढ्याशा रोकडीवर एवढा मोठा व्यवहार.

जेमतेम म्हटलं, तेही सांभाळूनच. पीएचची पट्टी डेन्मार्कच्या सॉरेन्सननं १९०९ मध्ये कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली, आणि तिच्यात प्रत्येक पायरी दहापटीची. ६.७ चे ६.४ झाले की हायड्रोजन आयन दुप्पट. ०.३ दिसायला किती किरकोळ! आणखी उतरत ४.६ ला पोचलं की कॅसिन सुटून दही धरतं. पण तिथवर जावं लागत नाही. आम्लता ०.२ च्या पुढे सरकू लागली की तापवताना दूध फुटायची धास्ती सुरू होते.

मला वाटायचं, आकडा कमी तर दूध उत्तम. पण ०.१० आलं की मॅडमच्या कपाळावर आठी येते. आंबू लागलेल्या दुधात सोडा टाकला की आम्लता खाली येते. जिवाणू मात्र असतात तिथंच. अशा वेळी दुधात तेवढंच अल्कोहोल आणि रोझॉलिक आम्लाचे थेंब घालायचे. सोडा असेल तर गुलाबी-लाल रंग चढतो, नसेल तर तपकिरी छटा राहते. आणि रंग चढला नाही, तरी सुटका नाही. कासदाह झालेल्या जनावराच्या दुधाचीही आम्लता कमी भरते. त्याची चाचणी वेगळी, पुस्तक वेगळं. ते पुस्तक माझ्या टेबलावर येऊन पडलंय, बिलांच्या गठ्ठ्याखाली.