बुडू दे

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगलीत न करता इथे, बंगळुरात, महादेवपुऱ्यात करून घेतलं. पुढचे दोन महिने तिचं सगळं मलाच बघायचं होतं. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आला. गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकायला हवा होता आणि आई साठावरच मांडी घट्ट धरून बसायची. "अम्मा, ये लगाके देखिए," म्हणत त्यानं तिच्या डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवला.

याबद्दल मी थोडं वाचलं होतं. सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' तयार केलं. इकडे ड्रेसिंग बदलत असतं आणि रुग्ण तिकडे बर्फाच्या दरीत पेंग्विनांवर गोळे फेकत असतो. दुखणं जाणवायलाही लक्ष लागतं. ते दुसरीकडे गुंतलं की दुखणं कमी जाणवतं, हा त्यामागचा विचार. होरपळलेल्या माणसाला बर्फच का दाखवायचा, ते सांगायला नको.

आईच्या चष्म्यात तळं होतं. त्याच्या मोबाइलवर मलाही ते दिसत होतं. संथ, निळं पाणी आणि एक मऊ इंग्रजी आवाज. सवयीनं मी कानाशी भाषांतर करत गेले, "शरीर पाण्यात हळूहळू बुडू दे."

तिनं माझं मनगट आवळलं. "पाणी वाढतंय का गं?"

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा आमच्या घरात शिरली, तेव्हा आई दोन रात्री शेजाऱ्यांच्या माडीवर होती. तौलनिक साहित्याच्या एम.ए.ला वाचकाच्या ग्रहणावर मी पानंच्या पानं लिहिली होती. इथे ऐकणारी बाई कोण, एवढंही मला सुचलं नव्हतं.

मी घाईघाईनं ते बदलायला सांगितलं. त्यानं देवदाराचं जंगल लावलं, आवाज बंद केला. "अंग सैल सोड," मी म्हटलं. लहानपणी मला इंजेक्शन देताना ती हेच म्हणायची.

"कसली झाडं ही? एकालाही फळ नाही," आई मान वळवून बघत होती. तेवढ्यात त्यानं पाय वाकवला. ती कण्हली, पण मांडी धरली नाही. सत्तरच्या थोडं पुढे गेला. चष्म्यानं की सकाळच्या गोळीनं, मी सांगू शकत नाही.

तो निघाला तेव्हा आईनं मला जवळ बोलावलं. "उद्या झाडंच लाव म्हणावं त्याला. आणि तू बोल. पण जरा बघून बोल."