वीकेण्डला काय ‘करावे’?

मॉल झाला, मल्टिप्लेक्स झालं, पाम बीचवरचा लाँग ड्राइव्हही झाला? मग या शनिवारी करावे गावात या. जमिनीचे सौदे करू. अर्थात, बोर्डवरचे!

सीवूड्स-दारावेला उतरलं की पब्लिक सरळ मॉलमध्ये घुसतं. स्टेशनच्या डोक्यावरच मॉल म्हटल्यावर दोष तरी कुणाला देणार? पण तुम्ही पश्चिमेला बाहेर पडा आणि रिक्षावाल्याला नुसतं ‘करावे गाव’ सांगा. थोड्याच वेळात टॉवर मागे पडतात, गल्ल्या अरुंद होतात, घरं एकमेकांना खेटून उभी राहतात. हे आगरी-कोळ्यांचं गाव. नवी मुंबई कागदावरही नव्हती, तेव्हापासूनचं.

गाव संपलं की पाम बीच रोड आणि पलीकडे खाडी. त्या बाजूला ‘टी. एस. चाणक्य’ आहे, व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवणारी संस्था. १९२७ ची ‘डफरिन’ आणि १९७२ ची ‘राजेंद्र’ या ट्रेनिंग जहाजांची ही वारसदार. वाटाघाटींचे खेळ खेळायला चाणक्याचा शेजार मिळाला, आणखी काय पाहिजे?

आमचा अड्डा जमतो तो गावातल्या एका मित्राकडे. लहानपणी ‘व्यापार’ आपण सगळेच खेळलोय. त्यात फासा म्हणेल तिथे जायचं आणि भाडं भरायचं. आम्ही खेळतो त्या गेम्समध्ये फाशापेक्षा जीभ जास्त चालते. सुरुवात ‘कटान’ने झाली. क्लाऊस टॉयबर या जर्मन माणसाचा १९९५ चा खेळ. तुझी वीट दे, माझी मेंढी घे, असा मामला. मग आला ‘डिप्लोमसी’. १९५९ चा हा गेम सात सत्तांचा, फासा अजिबात नाही, आणि दिलेला शब्द पाळायचं बंधनही नाही. दोन मैत्रिणी आठवडाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, तेव्हा तो माळ्यावर गेला.

सध्या टेबलवर असतो ‘चायनाटाऊन’. न्यूयॉर्कमधली वस्ती, सहा राऊंड, १९६५ ते १९७० अशी सहा वर्षं. प्रत्येकाला प्लॉट आणि दुकानं वाटली जातात, पण हवी तशी कधीच नाही. शेजारशेजारचे प्लॉट जमवून एकाच प्रकारची दुकानं लावली की कमाई वाढते. त्यामुळे सगळे एकाच वेळी ओरडत असतात : ‘कोपऱ्यावरचा दे, दोन दुकानं देतो, वर वीस हजार!’ प्लॉट, दुकान, पैसा, काहीही विकता येतं. काहीही न विकता गप्प बसताही येतं.

आमचा यजमान पहिल्या राऊंडला प्लॉट विकतच नाही. कितीही बोली लावा, नाही म्हणजे नाही. एकदा त्याला विचारलं, तर त्याने खाली फरशीकडे बोट दाखवलं. ही बिल्डिंग साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरची.

आपण फ्लॅटच्या जाहिरातीत हे शब्द वाचतो आणि पुढे जातो. गोष्ट अशी आहे. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली (हो, चायनाटाऊनचा शेवटचा राऊंडही १९७० चाच!) आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला. या लढ्यातून पुढे योजना आली : गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत. त्यातलेही पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापायचे. म्हणजे चाळीस गुंठ्यांचा एक एकर गेला, तर हातात साडेतीन गुंठे.

‘पण आजच्या रेटने साडेतीन गुंठे म्हणजे बेस्ट डील!’ आमच्यातला फायनान्सवाला म्हणाला. यजमान हसला आणि म्हणाला, चला, एक प्रयोग करू. पुढच्या गेममध्ये एक नियम जास्त : फायनान्सवाल्याचे प्लॉट बँक कधीही ठरलेल्या भावात घेऊ शकेल आणि इतरांना विकेल. त्याला ‘नाही’ म्हणता येणार नाही. बाकी सगळं नेहमीसारखं.

गंमत म्हणजे त्याला कुणी फसवलं नाही, कुणी घासाघीसही केली नाही. दुसऱ्या राऊंडपासून त्याच्याशी कुणी बोलेचना. त्याचा प्लॉट हवा असेल, तर बँकेशी बोला! तो बिचारा मोठ्याने ऑफर देत होता आणि बाकीचे त्याच्या डोक्यावरून सौदे करत होते. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याशी वाटाघाटी करतंच कोण?

गेम संपल्यावर गल्लीतून निघताना तो फायनान्सवाला पहिल्यांदाच वर बघत चालला होता. इथली कितीतरी घरं ‘गरजेपोटी’ बांधलेली म्हणतात. कुटुंबं वाढली, पण गावठाणाची हद्द वाढली नाही, म्हणून मजले चढले. ती नियमित करायचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतोय. आणि शेजारच्या टॉवरमध्ये आपण बाल्कनीतून ‘व्ह्यू’ बघतो.

तो नियम आम्ही परत लावला नाही. पण आता पहिल्या राऊंडला कुणी प्लॉट विकायला नकार दिला, तर त्याला ‘बोअर’ म्हणत नाही. खुर्ची पुढे ओढतो आणि विचारतो, बोल, तुझं म्हणणं काय?

कसं जाल? : हार्बर लाइनवर सीवूड्स-दारावे, पश्चिमेकडून रिक्षा. नोव्हेंबर ते मे दरम्यान गेलात तर आधी टी. एस. चाणक्यच्या बाजूच्या पाणथळीकडे फ्लेमिंगो बघा, मग खेळायला बसा.
किती जण? : चायनाटाऊनला तीन ते पाच. घसा चांगला असलेला एक तरी हवा!