तदडीची टिपणं

बेंगळुरूहून संध्याकाळी सुटलेली पंचगंगा एक्सप्रेस सकाळी कुमठ्याला पोचते. गोकर्णाला जाणारे बहुतेक जण तिथून महामार्ग धरतात आणि मिर्जानवरून वळसा घालतात. मला दुसरी वाट आवडते: रिक्षाने अघनाशिनी गाव, तिथून नावेने अघनाशिनी नदीपार तदडी, मग गोकर्ण. उत्तर कन्नड जिल्ह्यातलं तदडी बंदर लहान आहे, पण मासेमारी आणि नावेची तर दोन्ही एकाच काठावर चालतात.

*

नाव लाकडी, इंजिन लावलेली. आधी मोटारसायकली चढतात, मग माणसं. फळी टाकली की नावेवरचा पोरगा पुढचं चाक धरतो, मालक मागून ढकलतो आणि गाडी आडवी उभी राहते. शाळेची मुलं, मासळीवाल्या, गोकर्णाचे यात्रेकरू मधल्या जागेत मावतात. पलीकडे लागेपर्यंत कोणाची सोयरीक, कोणाचं दुखणं, बंगड्याचा आजचा भाव, सगळं कानावर पडतं.

*

हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळेच की काय, माझी कोकणी-मराठी भेसळ तदडीत निभावून जाते. बेंगळुरूत ती सोय नाही.

*

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. मोठ्या बोटी धक्क्याला लागतात, जाळी विणायला आणि सांधायला बाहेर येतात. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या नावांना कर्नाटकात बंदीतून सूट आहे. पावसाळ्यात ताजी मासळी मिळते ती याच लहान नावांमुळे, आणि नदीमुळे.

*

नदीतली खरी कमाई तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची. ओहोटी लागली की बायका कमरेभर पाण्यात उतरतात. पायाच्या बोटांनी तळ चाचपतात, कठीण लागलं की वाकून ओंजळभर चिखल उचलतात आणि पाण्यात खळबळतात. चिखल जातो, तिसऱ्या उरतात. दोरीने कमरेला बांधलेलं भांडं शेजारी तरंगत असतं, त्यात टाकतात. भरती चढायच्या आत काम आटोपावं लागतं. ना बोट लागते, ना डिझेल, ना कर्ज.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी या शिंपल्यांचा हिशेब मांडला. वर्षाला वीस हजार टनांहून अधिक, आणि त्यावर थेट पोट असलेली माणसं दोन हजारांवर. कोणत्याही कारखान्याने इतके रोजगार दिले असते तर त्याच्या उद्घाटनाला मंत्री आले असते.

हे पीक येतं कशामुळे? अघनाशिनीवर धरण नाही. शिरसीकडून निघालेलं गोडं पाणी उंचळ्ळीच्या धबधब्यावरून उतरून विनाअडथळा खाडीला मिळतं. गोड्या-खाऱ्याचं ते प्रमाण आणि वरून येणारा गाळ, या दोन गोष्टींवर तिसऱ्या जगतात. खाडीकाठच्या गजनी शेतांत पिकणारा, खार सोसणारा कग्गा भातही याच पाण्यावर पोसतो.

*

तदडीत आधी ४००० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प येणार होता. लोकांनी तो परतवला. मग मोठ्या बंदराची घोषणा झाली. ३१ जानेवारी २०२४ ला खाडी रामसर यादीत जाहीर झाली, त्याने थोडा आधार मिळाला. पण किनाऱ्यावर अन्यत्र बंदराविरुद्धचा तोच झगडा सुरू आहे: होन्नावरच्या कासरकोड टोंक्यात, अंकोल्याजवळच्या केणीत.

*

७ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्रीनंतर कारवारजवळ काळी नदीवरचा जुना पूल कोसळला. ट्रक पाण्यात गेला. चालक वाचला, त्याला काढायला स्थानिक मच्छीमार धावले. पूल व्हायच्या आधी कोडीबाग ते सदाशिवगड नावेची तर चालायची. पूल हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण नदीची खोली आणि ओढ ठाऊक असलेली माणसंही तिथे राहायला हवीत.

नावेचा धोकाही लपवू नये. २१ जानेवारी २०१९ ला कूर्मगड बेटावरच्या जत्रेहून परतणारी बोट उलटली, १६ जण गेले. प्रत्येक तरीवर लाइफ जॅकेट आणि माणसांची मर्यादा पाळलीच पाहिजे. त्याचा खर्च सरकारने उचलावा, नाववाल्यावर टाकू नये.

*

बेंगळुरूला कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून उपसून आणावं लागतं, तेही पुरत नाही. म्हणून २०१९ मध्ये शरावतीचं पाणी इथे आणायची कल्पना निघाली, आणि मलनाडात लोक रस्त्यावर उतरले. आता अघनाशिनी वेदावती नदीला जोडायचा बेत आहे. वरचं गोडं पाणी वळवलं तर खालची खाडी खारट होईल आणि तिसऱ्यांचा तळ उजाड होईल. समुद्राला जाणारं पाणी वाया जातं, असं म्हणणाऱ्यांनी ओहोटीला तदडीच्या काठावर तासभर उभं राहावं.

अघनाशिनीचं पाणी वळवू नये आणि तिच्या मुखाशी मोठं बंदर आणू नये. निर्णय बेंगळुरूच्या विधानसौधात होतात, तदडीहून पाचशे किलोमीटर दूर. आपण त्याच शहरात राहतो. जनसुनावणीच्या, हरकतींच्या नोटिसा निघतात तेव्हा वाचा, आणि मुदतीच्या आत आपलं म्हणणं लेखी पाठवा.