सैतानाला श्रेय देऊ नका!

शोषित माणसाच्या हातून मोठे काम झाले की प्रस्थापितांची पहिली धडपड असते ती त्याचे श्रेय दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकण्याची. दैवी देणगी म्हणा, पूर्वजन्मीचे संचित म्हणा, रक्तातला गुण म्हणा, काहीही चालते. हा माणूस शिकला, राबला आणि स्वतःच्या डोक्याने पुढे गेला, एवढेच तेवढे मान्य करायचे नसते. गेले वर्षभर आम्ही ब्लूज गिटार शिकतो आहोत आणि हीच गोष्ट आम्हाला तिथेही भेटते आहे.

आम्ही म्हणजे वस्तीतले चौघे. दोन सेकंडहँड गिटार, विहारामागची खोली आणि कामावरून आल्यावर उरलेला वेळ, एवढे आमचे भांडवल. एका कार्यक्रमात आम्ही भीमगीते गायलो तेव्हा तिथले एक संयोजक पाठ थोपटत म्हणाले, "तुमच्या लोकांच्या रक्तातच गाणं असतं हो!" ते कौतुक होते की अपमान, यावर घरी येताना आमच्यात वाद झाला. आज आमचे उत्तर पक्के आहे. तो अपमान होता. जो गाणे रक्तात घालतो, तो बुद्धीही रक्तात घालतो. फक्त ती दुसऱ्यांच्या रक्तात घालतो. मेरिटच्या नावाने चालणारा सगळा खेळ याच तर्कावर उभा आहे.

ब्लूज ज्यांनी घडवले, त्यांच्या बाबतीतही हेच झाले. १८६५ मध्ये अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली, पण मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांत काळी माणसे वाटेकरी म्हणून राबतच राहिली. उधारी मालकाच्या दुकानात आणि हिशोबाची वही मालकाच्याच हातात. आपल्या आजोबा-पणजोबांना सावकाराची वही ठाऊक होती, त्यामुळे हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. त्या मळ्यांवरची पोरे भिंतीवर खिळे ठोकून त्यांत तार ताणायची, तिच्याखाली बाटली अडकवायची आणि त्या एका तारेवर सूर शोधायची. पुढे टपालाने येणारी स्वस्त गिटार हाती आली.

यातलाच एक रॉबर्ट जॉन्सन. जन्म १९११, मृत्यू १९३८. वय अवघे सत्तावीस. १९३६ आणि १९३७ या दोन वर्षांत त्याची २९ गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि पुढच्या कितीतरी गिटारवादकांनी त्यांतून धडे घेतले. पण जगाला त्याच्याबद्दल काय ठाऊक आहे? तर त्याने मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटार मिळवली! त्याच्या मृत्यूनंतर ही दंतकथा फोफावली आणि गोऱ्या चाहत्यांनी ती डोक्यावर घेतली. अभ्यासकांनी शोधून काढलेली हकीगत साधी आहे. सुरुवातीला त्याचे वादन जुन्या वादकांना रुचत नव्हते. मग तो हेझलहर्स्टच्या परिसरात गेला आणि आइक झिमरमन नावाच्या काळ्या वादकाकडे शिकला. झिमरमनच्या कुटुंबीयांनी सांगितले आहे की हे गुरू-शिष्य रात्री कब्रस्तानात सराव करत. तिथे शांतता असे, कुणाची झोपमोड होत नसे. सैतानाचे नाव जगभर झाले, झिमरमनचे नाव मात्र किती जणांनी ऐकले आहे?

आता हे तंत्र काय आहे, ते बघा. साध्या ब्लूजला चार-चार ठोक्यांचे बारा बार असतात. ए सुरात वाजवायचे तर चार बार ए, दोन डी, दोन ए, मग एक ई, एक डी आणि शेवटी दोन ए. गायकाची ओळ संपली की उरलेल्या जागेत गिटार उत्तर देते. शाहिराला झीलकरी साथ देतात, तसे. तार ताणायची म्हणजे बेंड करायचे, तर तिसऱ्या तारेवर नवव्या फ्रेटचा ई आधी कानात भरून घ्यायचा. मग सातव्या फ्रेटचा डी अनामिकेने ढकलत त्या ई पर्यंत न्यायचा. मागे मधले बोट आणि तर्जनी जोडीला लावायची, अंगठा मानेवर घट्ट, आणि जोर मनगट फिरवून द्यायचा. त्याच ए सुरात सी हा स्वर किंचित ढकलून सी आणि सी शार्पच्या मधोमध ठेवतात. पियानोवर त्या जागी पट्टीच नाही! स्लाइड वाजवायची तर बाटलीचा गळा करंगळीत घालायचा, तार दाबायची नाही, काच नेमकी फ्रेटच्या पट्टीवर नुसती टेकवायची आणि मागच्या बोटांनी तार झाकून खरखर थांबवायची.

यातले रक्तातून काय आले? आमच्यातल्या एकीला तो सातव्या फ्रेटचा बेंड सुरात यायला तीन महिने लागले. बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. बी. बी. किंगला स्लाइड जमत नव्हती. नात्यातल्या बुक्का व्हाइटच्या स्लाइडचा तो थरथरता आवाज त्याला हवा होता, म्हणून त्याने नुसत्या बोटाने तार हलवून तो काढायचा मार्ग शोधला. तोच त्याचा जगप्रसिद्ध व्हायब्राटो झाला. याला संशोधन म्हणतात. मळ्यावर राबलेल्या माणसाने केले म्हणून त्याचे नाव बदलत नाही.

श्रेय हा पैशाचाही प्रश्न असतो. विली डिक्सनच्या गाण्यातले शब्द लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडने वापरले. डिक्सनला कोर्टात जावे लागले आणि १९८७ मध्ये तडजोड झाली. गाणे 'सगळ्यांचे' ठरले की कमाई कुणाच्या घरी जाते, हे यातून समजते.

काही मित्र विचारतात, आपली ढोलकी, आपले तुणतुणे सोडून हे परकीय कशाला? बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि काळ्या जनतेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली. १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतले तेही ब्लॅक पँथरवरूनच. हे नाते जुने आहे. आणि ढोलकी आम्ही सोडलेली नाही. उलट गिटार शिकल्यापासून आम्ही वस्तीतल्या जुन्या जलसाकारांना वेगळे प्रश्न विचारू लागलो आहोत. हा ठेका कुणी शिकवला? झील कुठे उचलायची? श्वास कुठे घ्यायचा?

मित्रहो, तुमच्या वस्तीतही असा एखादा म्हातारा गायक असेल. त्याच्याकडे जा, त्याचे तंत्र शिका, मोबाइलवर नोंदवून ठेवा आणि त्याला शिकवणाऱ्याचे नाव आठवणीने लिहा. आपण ते लिहिले नाही, तर उद्या ते श्रेय कुणीतरी देवाला किंवा सैतानाला देऊन मोकळे होईल.

जयभीम!