कडोदऱ्याची आठवी (२०१९-२०)



इथे बहुतेक जण गावाकडच्या शाळेबद्दल लिहितात. माझी शाळा गावाकडची नाही, कडोदऱ्याची आहे. मुंबई-अहमदाबाद हायवे आणि सुरत-बारडोली रस्ता जिथे एकमेकांना कापतात ते कडोदरा. एका अंगाला डाईंग-प्रिंटिंगच्या मिल, दुसऱ्या अंगाला ऊस. अमळनेर, नंदुरबार, शिरपूर, चोपडा इकडची निम्मी गल्ली तिथे भेटते. आमचं घर म्हणजे भाड्याची एक रूम. पप्पा मिलमध्ये जेट मशीनवर, बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची.

महाराष्ट्रातल्यांसाठी एक गोष्ट आधी सांगते. गुजरातमध्ये प्राथमिक शाळा आठवीपर्यंत असते. नववीला शाळा बदलते, म्हणून आठवी पास झालं की हातात एलसी येतो आणि घरात प्रश्न येतो. शिक्षण हक्काचा कायदाही चौदा वर्षांपर्यंतचाच. त्यामुळे आमच्या गल्लीत 'आठवी झाली' म्हणजे शिक्षण झालं, असाच अर्थ होता. मुलींचा तर नक्कीच. माझी ताई २०१७ ला आठवी झाली, वर्गात दुसरी आली होती. दुसऱ्या आठवड्यात ती मम्मीशेजारी साड्यांना टिकी लावायला बसली. कोणी रागावून बसवली नाही, कोणी काही बोललंही नाही. साड्यांचा गठ्ठा आला आणि ती बसली.

माझी आठवी सुरू व्हायच्या आधीच सुरतमध्ये ते झालं. २४ मे २०१९, सरथाणा, तक्षशिला कॉम्प्लेक्सची आग. वरच्या मजल्यावर क्लास होता. २२ जीव गेले, बहुतेक शिकणारी पोरंच. ते व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी पाहिले, अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. त्यानंतर सुरतभर क्लासेस तपासायला लागले, बंद करायला लागले. आमचा क्लास दुकानांच्या वर, पत्र्याच्या शेडमध्ये, एकच जिना. तोही बंद झाला. मम्मीला तर बरंच वाटलं, एक तर फी वाचली आणि भीती पण गेली. पण गणित कोण शिकवणार? मग ताईने शिकवलं. टिकीला गोंद लावता लावता. तिच्या आठवीच्या चोपड्या तिने रद्दीत दिल्या नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं.

शाळा गुजराती माध्यमाची. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, वर्गात गुजराती, आणि मराठी फक्त मामाच्या पत्रांत नि कॅलेंडरवर. मला मराठी वाचायला मम्मीने शिकवलं. मी लिहायचे तेव्हा अक्षरांवर रेघच नसायची, कारण गुजरातीत शिरोरेषा नाही. मामा हसायचा, म्हणायचा, तुझ्या अक्षरांचं छप्पर उडालंय. आणि शब्दांची गंमत वेगळीच. गुजरातीत 'खाली' म्हणजे फक्त, मराठीत खाली म्हणजे खाली. बेन म्हणायच्या, 'खाली आटलुं ज लखवानुं छे', की नवी आलेली खान्देशातली पोरं पानाच्या तळाशी बघायची. (आमच्याकडे बाईंना बेन आणि सरांना साहेब म्हणतात.)

वर्ग म्हणजे अर्धा भारत होता. यूपी-बिहारची पोरं, ओडियावाली, गावातले हळपती, आम्ही खान्देशी. दिवाळीनंतर चलथाणच्या साखर कारखान्याचा हंगाम रंगात आला की उसाच्या गाड्या जायच्या आणि हवेत मळीचा वास. त्याच दिवसांत कोयत्यावर आलेल्या लोकांची पोरं पडावावरून शाळेत यायची. डांगची, नंदुरबार-धुळ्याकडची. बेन त्यांना मागे बसवायच्या आणि 'आने समजाव तो' म्हणून मला पाठवायच्या. त्यांची बोली माझ्या अहिराणीपेक्षा वेगळी, पण गुजरातीपेक्षा जवळची. ऊस संपला की ती पोरं एका दिवसात गायब. बेंच रिकामे. आम्हाला त्याची सवय होती. आपण पण तसेच आहोत, फक्त आपला हंगाम लांब आहे, असं ताई एकदा बोलली होती.

माझ्या बाकावर गंजाम जिल्ह्यातली ओडिया मुलगी बसायची. तिचे वडील लूम्सवर. आम्ही दोघी सहावीपासून एकत्र. मध्यान्ह भोजनात सुखडी असली की ती तिची मला द्यायची, खिचडी असली की मी माझी तिला. कानबाईच्या रोटांच्या वेळी ती आमच्याकडे आली आणि मम्मीसोबत रात्रभर जागली. गाणी एक अक्षर कळत नव्हतं तिला.

बेननी आम्हा सात-आठ जणांना एनएमएमएसच्या परीक्षेला बसवलं. केंद्र सरकारची शिष्यवृत्ती, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. दोन पेपर, ९०-९० प्रश्नांचे. पैशांचा आकडा ऐकून पप्पा पहिल्यांदा माझ्या अभ्यासाबद्दल काही बोलले. आवकचा दाखला काढायला पलसाणाला मामलतदार कचेरीत जावं लागलं. दोन चकरा, दोन खाडे. खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार नाही. दुसऱ्या चकरेला ते रात्रपाळी करून न झोपता थेट गेले आणि दुपारी दाखला घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न घालता. माझा नंबर लागला नाही. थोडक्यात हुकला असं पण नाही, बराच हुकला. पप्पांनी तो दाखला फेकला नाही, पेटीत ठेवला, दुसऱ्या कामाला येईल म्हणाले.

मग मार्च. १६ मार्चपासून शाळा बंद. आम्हाला वाटलं दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. आम्ही दोघींनी नवनीत अर्धं-अर्धं वाटून घेतलं, पुढचे पाठ मी, मागचे ती, परीक्षेआधी बदलू. परीक्षा झालीच नाही. सगळ्यांना मास प्रमोशन. आठवी पास झाले, पण पेपर न देता. ताई म्हणाली, तुझं बरं आहे. मला मात्र बरं नव्हतं. कारण घरात 'चांगले मार्क पडले तर बघू' असं ठरलेलं होतं, आणि आता मार्कच नव्हते.

मिल बंद, पगार बंद. टिकीच्या साड्या पण बंद. पप्पा दिवसभर रूमबाहेर ओट्यावर बसायचे. तो माणूस मी दिवसा एवढा वेळ घरी कधी पाहिला नव्हता. लोक बारडोली-व्यारा-नवापूरच्या दिशेने चालत निघाले होते. मामा फोनवर म्हणायचा, या इकडे. पप्पा म्हणायचे, मिल कधी पण चालू होईल, गेलो तर मशीन दुसऱ्याला देतील. ४ मे ला वरेलीत घरी जाऊ द्या म्हणून कामगार रस्त्यावर आले, दगडफेक झाली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. वरेली म्हणजे आमच्या बाजूलाच. मम्मीने दरवाजा लावून आम्हाला आतल्या कोपऱ्यात बसवलं. त्याच आठवड्यात सुरतहून ओडिशाला श्रमिक गाड्या चालू झाल्या होत्या. माझी मैत्रीण कोणत्या दिवशी गेली ते मला माहीत नाही. नवनीतचा मागचा अर्धा भाग तिच्याकडेच राहिला.

जूनमध्ये मोठे काका आले. ते पांडेसराला असतात, घरातले सगळे निर्णय त्यांना विचारून. चहा पिता पिता म्हणाले, "पोर आठ शिकनी, बस झायं. आते घरकाम शिकाडा." पप्पा गप्प. मम्मी चुलीकडे तोंड करून. आणि ताई, जी काकांसमोर कधी बोलत नाही, ती साडीवरून मान न उचलता म्हणाली, "मन्ही शाया सुटनी तव्हय कोनी इचारं नही. हिनी सुटाव नही. पैसा मी दिसू." नुकतंच काम परत चालू झालेलं, साड्या पण रोज येत नव्हत्या. काका हसले, पप्पांकडे बघितलं. पप्पांनी एवढंच विचारलं, "एलसी कधी मिळतो?"

एलसी आणायला मी आणि ताई गेलो. शाळेत फक्त बेन आणि शिपाई काका. बेननी गठ्ठा काढला, नाव शोधलं, सही घेतली. गठ्ठ्यात बरेच दाखले होते. मी मैत्रिणीचं विचारलं. तिचा पण तिथेच होता. तिच्या पप्पांचा नंबर लागत नव्हता. बेन म्हणाल्या, तुला पत्ता माहीत असेल तर दे, मी पोस्टाने पाठवते. तीन वर्षं एका बाकावर बसले आणि मला फक्त 'गंजाम' माहीत होतं. गंजाम जिल्हा आहे, त्यात किती गावं असतील. बेननी दाखला परत गठ्ठ्यात ठेवला आणि दोरी बांधली.

नववी फोनवर आणि डीडी गिरनारवर गेली. फोन एकच, तोही पप्पांसोबत मिलमध्ये जायचा. ते पुढे कधीतरी लिहीन. आता मी बारडोलीला बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कानबाईला दरवर्षी मम्मी त्या ओडिया मुलीची आठवण काढते. कोणी गंजामकडचं ओळखीचं असेल, लूम्सवरचं, तर मला मेसेज करा, नाव मी तिथेच सांगेन.

ताईचं लग्न नंदुरबारला झालं, एक मुलगा आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, बाहेरून दहावीला बसायचं म्हणते, फॉर्मला आठवीचा एलसी लागतो. पप्पांच्या पेटीत सापडला. माझ्या आवकच्या दाखल्याच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न घातलेला. रविवारच्या गाडीने घेऊन जातेय. सोबत गणिताचं पुस्तक पण सांगितलंय तिने, मराठीतलं. ते सुरतमध्ये कुठे मिळेल, कोणाला माहीत असेल तर सांगा.