जस्त वाचलं, पंखा गेला

पारगावात आम्ही बोटीची गोष्ट काढली की शेजारी हसतात. इथे घोड नदी, उसाचे मळे आणि विहिरीवरच्या मोटारी. पण आमचं आजोळ रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात. नानांच्या काळी शिडाची होडी होती. मामूंकडे आता इंजिनाची लाकडी बोट आहे. शाळेला सुट्टी लागली की मुलांना घेऊन आम्ही तिकडे जातो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मामूंनी बोट साफ करायला किनाऱ्यावर घेतली होती. तळाला, सुकाणूला, पंख्याला पांढऱ्या टोकदार कवचांचा थर बसला होता. हात घासला तर रक्त निघावं असा. पुस्तकात यांना बार्नेकल म्हणतात. दिसायला शिंपल्यांसारखे, पण खरे भाऊबंद कोळंबी-खेकड्यांचे. एकदा चिकटले की जागा सोडत नाहीत. पंख्यावर बसले की बोट मंदावते आणि डिझेल जास्त जळतं. चालत्या बोटीपेक्षा उभ्या बोटीला ते अधिक धरतात.

खलाशी तळ खरवडत होते. मग तांबं मिसळलेला रंग लावायचा होता. आम्हीही मुलांसह ब्रश घेतले. पंख्याच्या शाफ्टवर जस्ताचा नवा राखाडी गोळा बसवलेला दिसला. सगळं रंगवलं, मग हाच का उघडा ठेवायचा? हौसेनं त्यालाही दोन हात दिले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. यंदा त्या बंदीच्या पहिल्या आठवड्यातच आम्ही गेलो. बोट वर ओढलेली होती आणि मामू पंख्याजवळ उकिडवे बसले होते. पात्यांवर खड्डे पडले होते, पितळी रंग जाऊन गुलाबी छटा आली होती. हातोडीनं हलकंसं ठोकताच कडेचा तुकडा पडला. जस्त मात्र नव्यासारखं! मामूंनी नखानं ओरखडलं, तशी रंगाची पापडी निघाली.

"जस्त वाचलं, म्हणून पंखा गेला," ते म्हणाले आणि तरुण खलाशाला हाक मारली, "रंगाचं काम तुझ्याकडे होतं ना रे?"

पोरगा मान खाली घालून उभा राहिला. पैसे कापले जाणार, हे त्यानं ओळखलं होतं. आमच्या घशाला कोरड पडली. वर्गात 'खरं बोला' सांगणं किती सोपं असतं!

"मामू, ते आम्ही रंगवलं होतं."

मामू क्षणभर गप्प राहिले. मग खलाशाच्या पाठीवर हात ठेवून "माफ कर, बेटा" म्हणाले. आम्हाला मात्र समोर बसवून धडा दिला. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जोडलेले असले की त्यांतला एक दुसऱ्याच्या वाटची झीज सोसतो. म्हणून जस्त उघडं हवं, शाफ्टच्या घासून स्वच्छ केलेल्या धातूला घट्ट भिडलेलं हवं आणि अर्धं झिजलं की बदलायला हवं. झिजलेलं जस्त पाहून हळहळू नये. न झिजलेलं दिसलं तर घाबरावं.

शाळा उघडल्यावर विज्ञानाच्या सहकाऱ्यांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी हम्फ्री डेव्हींची गोष्ट ऐकवली. ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत आणि ते समुद्रात झिजत. 1824 मध्ये डेव्हींनी त्यांना जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांब्याची झीज थांबली, पण तळावर शेवाळ आणि कवचं वाढू लागली. तांबं थोडंथोडं विरघळत होतं, म्हणूनच ते जीव आजवर दूर राहत होते. म्हणजे तळाचं तांबं काय आणि पंख्याजवळचं जस्त काय, दोन्ही झिजतात तेव्हाच राखण करतात.

नव्या पंख्याच्या खर्चातला वाटा आम्ही देऊ केला. मामू नको म्हणाले; मामींनी मात्र मुकाट्यानं ठेवून घेतला, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. त्या खलाशासाठी मुलांनी आपल्या खाऊच्या पैशांतून नवा सदरा घेतला आहे. दिवाळीच्या सुट्टीत इन्शाअल्लाह पुन्हा जाऊ. ब्रश हाती घेऊच, पण आधी विचारून.