गोटे घोटण्याचे घरगुती यंत्र

नदीकाठी गेलेले मूल रिकाम्या हाताने परत येत नाही, हा बहुतेक घरांचा अनुभव आहे. खिसा, रुमाल, दप्तर, जे हाताशी असेल त्यात गोटे भरून घरी येतात. ओले असताना ते माणकासारखे झळकतात आणि वाळले की मातकट होऊन पडवीच्या कोपऱ्यात पडून राहतात. याचे कारण सोपे आहे. गोट्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणारे असंख्य खळगे असतात व त्यांवर पडणारा प्रकाश विखुरतो. पाणी ते खळगे बुजविते, म्हणून आतला रंग उघडा पडतो. ती ओली झळाळी कायमची हवी असेल तर खळगे उरूच द्यावयाचे नाहीत, म्हणजे गोटा घोटावयाचा, हाच उपाय.

आमच्या घरी असा मोठा साठा धाकट्या बंधूंच्या नातवाचा. वय वर्षे अकरा. त्याची माता दोन वर्षांमागे निवर्तली. तिचे माहेर प्रवरेकाठचे. साठ्यातील पुष्कळ गोटे तिकडचेच आहेत. त्यांतील एक, मधाच्या रंगाचा, सुपारीएवढा, तिने स्वतः वेचून त्याच्या हाती दिलेला. तो चकचकीत करून धाकट्या बहिणीच्या गळ्यात पदक म्हणून घालावा, असा चिरंजीवांचा बेत होता. त्यासाठी त्यांस विलायती घोटयंत्र हवे होते, आणि त्याची किंमत हजारांच्या घरात! “दगडावर एवढा पैसा?” असे आमच्या वहिनी म्हणाल्या, आणि घरात तो विषय तेथेच मिटला. मी मात्र त्याला एकीकडे बोलावून सांगितले की हे यंत्र म्हणजे फिरता डबा, दुसरे काही नाही. तो आपण करू.

या कामात विलायतेकडे पाहण्याचे खरोखर कारणही नाही. गुजरातेत खंबायत येथे अकीकाचे मणी घोटण्याची विद्या फार जुनी आहे. चामड्याच्या पिशवीत मणी, पाणी व कुरुंदाची पूड भरून दोन माणसे समोरासमोर बसत आणि ती पिशवी एकमेकांकडे लोटीत. दहा-पंधरा दिवस हाच उद्योग चाले. पुढे पिशवीच्या जागी पिंप आले व माणसाच्या जागी मोटर आली, तत्त्व तेच राहिले. नर्मदेचे बाण आपण देवघरात ठेवतो, तेही प्रवाहाने असेच घोटून दिलेले.

आता आमच्या यंत्राविषयी. घरातील कपडे धुण्याचे जुने यंत्र मोडीत निघाले होते. त्याची मोटर शाबूत होती. ती मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेते. जुन्या बाजारातून १२ मिलिमीटर जाडीच्या दोन लोखंडी सळया व त्यांच्या मापाची चार बेअरिंगे आणली. माळ्यावरच्या सागवानी फळीवर ती बसवून सळया समांतर ठेवल्या व त्यांवर रबरी नळी चढविली. तेव्हा प्रत्येकीचा व्यास सुमारे एक इंच झाला. डबा म्हणजे सांडपाण्याचा ११० मिलिमीटर व्यासाचा प्लॅस्टिकचा नळ, आठ इंच लांबीचा. एका तोंडास पक्के बूच, दुसऱ्यास आटे असलेले झाकण. आतून सायकलच्या जुन्या ट्यूबचे अस्तर चिकटविले, त्याने आवाजही कमी होतो आणि गोट्यांचे टवकेही उडत नाहीत. विजेची जोडणी मात्र वायरमनकडून, अर्थिंगसह, करून घेतली. पाणी आणि वीज एका फळीवर नांदवायची असल्यास तेथे काटकसर करू नये.

डबा किती वेगाने फिरावा, हा खरा प्रश्न. फार वेगाने फिरला तर गोटे भिंतीस चिकटून त्याच्याबरोबरच गरगरतात, एकमेकांवर घासत नाहीत. फार सावकाश फिरला तर तळाशीच लोळत राहतात. या मापाच्या डब्यास मिनिटाला पन्नासच्या आसपास फेरे मानवतात. मोटरीवर दीड इंचाची कप्पी, सळईवर नऊ इंचांची. म्हणजे १४०० चे सहाव्या हिश्शाने २३३ झाले. सळई एक इंच व डबा सव्वाचार इंचांहून किंचित अधिक, म्हणून डब्याचे फेरे सुमारे ५४. हे त्रैराशिक मी फळ्यावर मांडले नाही. मुलाने स्वतः मांडले, आणि डब्यास खडूची रेघ ओढून, घड्याळ समोर ठेवून, ते ताडून पाहिले. पस्तीस वर्षे मी वर्गात त्रैराशिक शिकविले, पण उत्तर खरे आले म्हणून उडी मारणारा विद्यार्थी मला प्रथमच लाभला.

गोटे निवडावे लागतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर पसरले, त्यांत वायूचे बुडबुडे राहिले. पुढे त्या पोकळ्यांत सिलिका साचून अकीक व गारगोट्या झाल्या. कातळ झिजतो, त्या टिकतात, म्हणून भीमा, प्रवरा, गोदावरी यांच्या वाळवंटात त्या सापडतात. आपल्याकडील ताम्रपाषाणयुगीन लोकांनी, जोर्व्याच्या नि इनामगावच्या, याच जातीच्या दगडाची पाती काढली. परीक्षा सुरीच्या टोकाने करावी. ओरखडा उठला तर तो दगड मऊ. त्याला कठीण गोट्यांच्या संगतीत घातला तर त्याचे पीठ होते. पोकळ्यांत मिळणारे सुंदर झिओलाइट आणि कॅल्साइट यांनी या डब्यात जाऊच नये.

घासणारी पूड सिलिकॉन कार्बाइडची, जिला बाजारात कार्बोरंडम म्हणतात. ॲचेसन नावाच्या अमेरिकन गृहस्थास ती १८९१ साली विजेच्या भट्टीत सापडली व कार्बन आणि कोरंडम यांचा तो संयोग असावा असे समजून त्यांनी हे नाव ठेवले. संयोग तसा नव्हता, नाव मात्र राहिले. त्यातील कोरंडम म्हणजे तमिळ कुरुंदम्, आपला कुरुंद, संस्कृतातील कुरुविंद! कुरुविंद म्हणजे नागरमोथाही आणि माणिकही. माणिक हीसुद्धा कुरुंदाचीच जात. इतक्या दूरचा प्रवास करून शब्द घरी परत आला, याचा मला यंत्राइतकाच आनंद झाला. असो.

डबा दोनतृतीयांश भरेल इतके लहानमोठे गोटे, वरचा थर जेमतेम उघडा राहील इतके पाणी, आणि पाच मोठे चमचे पूड. आधी ६० ते ९० नंबरची जाड, मग २२०, मग ५००, आणि शेवटी काचकामवाल्यांकडे मिळणारी सिरियम ऑक्साइडची पूड. प्रत्येक पायरीस आठवडा. पहिलीस दोनही लागतात. दोन पायऱ्यांमध्ये गोटे, डबा, झाकण सारे काही चार-चारदा धुवावे, कारण जाड पुडीचा एक कण मागे राहिला तर शेवटची झिलई ओरबाडली जाते. क्वचित आत वायू साठतो, म्हणून झाकण रोज एकदा सैल करावे. गाळ मोरीत ओतू नये. तो सिमेंटसारखा बसतो. तो वाळूही देऊ नये. कोरड्या सिलिकेची धूळ छातीत बसते, आणि खंबायतेतील अनेक घासकामगारांनी त्या रोगाने प्राण गमावले आहेत. आम्ही तो ओला असतानाच परसात खड्ड्यात पुरतो.

यंत्राचा आवाज जात्यासारखा. पहिल्याच रात्री वहिनींनी नऊनंतर ते बंद ठेवण्याचा हुकूम सोडला आणि पाच आठवड्यांचे काम तीन महिन्यांवर गेले. कोणाचे काही बिघडले नाही.

पहिल्या घाण्यात साधेच गोटे घालावे, असे मी ठरविले होते. घालण्यापूर्वी मुलाने ते तोलले, १६०० ग्रॅम भरले. पहिली पायरी संपल्यावर पुन्हा तोलले, १३६० भरले. शेकडा पंधरा गेले. त्याने लगेच तो मधाच्या रंगाचा गोटा तराजूत टाकला. वीस ग्रॅम.

“म्हणजे याचे तीन ग्रॅम जाणार. कुठले, आजोबा?”

“बाहेरचे. सगळीकडून सारखे.”

तो बराच वेळ गोटा बोटांत फिरवीत राहिला. मग म्हणाला, “आईने बाहेरूनच धरला होता ना.” आणि तो कंपासपेटीत ठेवून त्याने पेटी बंद केली. मी काही बोललो नाही.

घाणा पुरा झाला तेव्हा बहिणीस त्यातून हवा तो निवडू दिला. तिने पांढऱ्या रेघांचा एक तांबूस अकीक घेतला. त्याचे कोंदण करण्यासाठी वहिनींनी आपल्या पेटीतली चांदीची जुनी जोडवी काढून दिली, आणि दगडावर पैसा न घालण्याचा आपला नियम मोडला नाही असेही बजावले.

दुसरा घाणा सध्या चालू आहे. आळीतील मुलेही गोटे आणून देतात. त्यांत चुनखडीचे फार असतात. सुरीने पारखून ते ज्याचे त्यास परत करण्याचे काम चिरंजीवांनी आपल्याकडे घेतले आहे.